घरच्यांसोबत पुण्यात: चौकटीबाहेर दिसणाऱ्यांसाठी सहलीची तयारी

मुलगा म्हणून वाढलात पण काजळ आणि झुमक्यांशिवाय घराबाहेर पाऊल टाकवत नाही, किंवा मुलगी म्हणून वाढलात आणि बारीक केस, शर्ट-पँट यातच मोकळं वाटतं, किंवा या दोन्हींत कुठेच बसत नाही, अशा सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे. एकटं किंवा मित्रमैत्रिणींसोबत फिरणं वेगळं. घरच्यांसोबत चार दिवस पुण्याला यायचं म्हणजे आई, वडील, आत्या, भावाची मुलगी सोबत असणार आणि त्यांच्या देखत लोक वळून वळून बघणार. लोकांच्या बघण्याची सवय होते. आईने ते पाहिलं, हे मात्र आत खोल रुतून बसतं.

मी सात वर्षं कर्वेनगरला राहायला आहे. घरचे लातूरकडचे. मे महिन्यात किंवा दिवाळीनंतर आम्ही गावाहून एकत्रच इकडे येतो आणि शहर बघायला बाहेर पडतो. पहिल्या दोन खेपा पार बिघडल्या, कारण आधी कुणी काहीच ठरवलं नव्हतं. आता जमतं. कसं जमलं, ते पायरीपायरीने खाली आहे.

पहिली पायरी: घरातलं एक माणूस आपल्या बाजूचं करा

सगळ्या घराला समजावत बसू नका, निदान सहलीच्या तोंडावर तरी नको. एक माणूस पुरतं. माझ्यासाठी ते माणूस म्हणजे वहिनी. निघण्याच्या आठवडाभर आधी त्या माणसाशी निवांत बोला आणि तीन गोष्टी ठरवून टाका: मी कोणते कपडे घालणार, कुणी काही बोललं तर उत्तर कोण देणार, आणि तिथून कधी निघायचं.

यातली दुसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पहिल्या वर्षी एका ठिकाणी तिकिटाच्या रांगेत मागच्या दोन पोरांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. दादाने मागे वळून एकाची कॉलर धरली. त्याला माझ्यासाठीच राग आला होता, त्यात खोट काढायला जागा नाही. पण दहा मिनिटांत पन्नासेक माणसं गोळा झाली, मोबाइल वर आले, आणि जे दोघांनी पाहिलं होतं ते सगळ्यांनी पाहिलं. पुतणी घाबरून आईच्या पदरात शिरली. त्या दिवशी आम्ही आत न जाताच परतलो.

तेव्हापासून आमच्यात ठरलेलं आहे: टोमणा आला तर उत्तर मीच देणार किंवा कुणीच नाही. माझ्या वतीने कुणी भांडायचं नाही. कुणी अंगावर आलं, हात लावला, तरच दादाने मध्ये पडायचं. आणि निघायचं असेल तर मी वहिनीला म्हणणार, ‘बाटलीतलं पाणी संपलं.’ एवढं म्हटलं की ती सगळ्यांना हलवते, कुणी का म्हणून विचारत नाही. तुमचं वाक्य तुम्ही ठरवा, पण पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या समोर सहज म्हणता येईल असं ठेवा.

कपडेही आधीच दाखवा. स्टेशनवर, गाडी सुटायच्या बेतात असताना अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माझा नवा कुर्ता पहिल्यांदा दिसला आणि ते पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. वहिनीने दुसऱ्या वर्षी चार दिवसांचे कपडे घरातच पलंगावर मांडून सगळ्यांना दाखवले. कुरकुर झाली, पण ती घरात झाली.

दुसरी पायरी: तिकीट, ओळखपत्र, मुक्काम

रेल्वेच्या आरक्षणात स्त्री, पुरुष यांच्यासोबत ट्रान्सजेंडर हा पर्याय आहे, आधारमध्येही आहे. कोणता निवडायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. पण प्रवासापुरतं बघायचं तर तिकिटावर आणि ओळखपत्रावर एकच असू द्या, म्हणजे तपासनिसाला विचारायला निमित्त मिळत नाही. ओळखपत्रावरचा फोटो आणि आजचा चेहरा फार वेगळा असेल तर अलीकडचा फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र जवळ ठेवा.

मुक्कामाला भक्तनिवास किंवा धर्मशाळेतली सामायिक खोली घेऊ नका. तिथे बायका एकीकडे, पुरुष एकीकडे अशी सोय असते आणि रात्री अकराला ‘तुम्ही कुठे झोपणार?’ हा प्रश्न येतो. घरासाठी एकच मोठी खोली घ्या, किंवा दोन खोल्या घेऊन तुमच्या विश्वासातलं माणूस तुमच्या खोलीत घ्या. खोलीला जोडून न्हाणीघर आहे ना, हे फोनवरच विचारा. बुकिंग करणाऱ्याने आधी सांगून ठेवावं: ‘सहा जण आहोत, सगळ्यांची ओळखपत्रं देऊ.’ यापेक्षा जास्त खुलासा देणं लागत नाही.

वॉटरपार्कचा बेत असेल तर त्याआधी कपडे बदलायच्या खोल्या कशा आहेत आणि पाण्यात कोणते कपडे चालतात ते विचारून घ्या. पोरं हट्ट करतात, तिथे पोचल्यावर नाही म्हणणं जड जातं.

तिसरी पायरी: बॅग

यावर फार लिहिण्यासारखं नाही. उन्हाळ्यात काजळ पसरतं, रुमाल ठेवा. दाढी करत असाल तर रोजचं सामान बरोबर घ्या, सलूनच्या भरवशावर राहू नका. एक ओढणी किंवा पातळ जॅकेट हाताशी असावं. ते लपण्यासाठी नाही. गर्दीतून दोन मिनिटं डोकं वाचवून जावंसं वाटलं तर उपयोगी पडतं, कधी ते घ्यायचं हे तुमच्या हातात.

छाती सपाट दिसावी म्हणून बाइंडर घालत असाल तर सलग आठ तासांच्या वर नको, आणि गड चढताना तर नकोच. श्वास लागतो, बरगड्या दुखतात. त्याऐवजी सैल शर्ट किंवा स्पोर्ट्स ब्रा. बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळणं कुठल्याही दिवशी करू नका.

चौथी पायरी: बोलायचं कसं

मराठीत क्रियापद उघडलं की आपण उघडे पडतो. ‘मी जातो’ म्हणा की ‘मी जाते’ म्हणा, शेजारच्या टेबलावरची मान वळतेच. पण याच भाषेत वाटाही पुष्कळ आहेत. ‘मी जाणार आहे’ यात काहीच कळत नाही. ‘मी येईन’, ‘मी बघेन’ यातही नाही. ‘मी चहा घेतला’, ‘मी भाकरी खाल्ली’ यात क्रियापद चहाच्या आणि भाकरीच्या मागे जातं, आपल्या नाही. ‘मला हवंय’, ‘मला आवडलं’, ‘माझं झालं’. ‘आम्ही आलो’ तर सगळ्यांचंच. थोड्या सरावाने दिवसभर असं बोलता येतं. या लेखात स्वतःबद्दल सांगताना मी कुठेच ‘गेलो’ किंवा ‘गेले’ असं एकवचनी रूप वापरलेलं नाही, वर जाऊन बघा.

घरच्यांना हे शिकवणं जास्त कामाचं. भर हॉटेलात आई ‘जेवलास का’ म्हणाली आणि मागून आत्या ‘जेवलीस का’ म्हणाली की वेटर दोघींकडे बघतो, मग आपल्याकडे. ‘जेवण झालं का?’ असं विचारलं की प्रश्न मिटला. ‘कुठपर्यंत पोचलास’ऐवजी ‘कुठे आहेस?’ आईला हे जमायला दोन सहली गेल्या. अजूनही कधी चुकतं, मग ती स्वतःच जीभ चावते. तिला चुकू द्या.

हाक हा दुसरा पेच. पुतणीने सारसबागेत भेळ खाता खाता मोठ्यांदा विचारलं, ‘तुला काका म्हणू की आत्या?’ आजूबाजूच्या चार बाकांवरची भेळ थांबली. वहिनीने शांतपणे तिला सांगितलं, ‘मिठू म्हण. घरात आपण मिठूच म्हणतो ना?’ पोरीला तेवढं पुरलं आणि तिने माझ्यातल्या पुऱ्या उचलल्या. तेव्हा घरातलं टोपणनाव असेल तर ते बाहेरही चालवा. रस्त्यावरचे लोक दादा म्हणतील, ताई म्हणतील, कधी एकाच वाक्यात दोन्ही म्हणतील. प्रत्येकाला दुरुस्त करत बसलात तर दुपारपर्यंत थकाल. ज्यांच्याशी पुन्हा गाठ पडणार, त्यांनाच सांगा.

पाचवी पायरी: रिक्षा, मेट्रो, बस

रिक्षा आणि कॅब सगळ्यांत सोपी. कॅब घरच्या माणसाच्या नावाने बोलवा, म्हणजे नाव आणि चेहरा जुळवत बसायची वेळ येत नाही.

मेट्रोच्या दोन मार्गिका उपयोगी पडतात: पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी, अदलाबदल जिल्हा न्यायालय स्थानकावर. पुणे स्टेशनला उतरलात तर तिथूनच वनाज-रामवाडी मार्गिका मिळते. पेठांमध्ये जायचं तर कसबा पेठ किंवा मंडई ही स्थानकं. अडचण येते ती प्रवेशाच्या तपासणीला, कारण बायकांसाठी आडोसा वेगळा आणि पुरुषांची रांग वेगळी. यंत्रापाशी जाण्याआधीच तुम्हाला जिथे बरं वाटतं त्या रांगेत जाऊन उभं राहा आणि हळू आवाजात सांगा, ‘माझी तपासणी लेडीज गार्डने करावी’, किंवा उलट. बहुतेक वेळा होतं. कधी वरिष्ठांना बोलावतात, तेव्हा दोन मिनिटं थांबायचं, आवाज चढवायचा नाही.

गेल्या वर्षी एका सुरक्षारक्षकाने मला सोडून थेट अण्णांनाच विचारलं, ‘हे जेंट्स का लेडीज?’ अण्णा पिशवी यंत्रात ठेवत होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, ‘आमचं लेकरू आहे.’ त्या माणसाला पुढे काय विचारावं ते सुचलं नाही, त्याने हाताने ‘जा’ अशी खूण केली. अण्णांनी ते मुद्दाम म्हटलं की सवयीने, हे मी अजून विचारलेलं नाही. पण तुमच्या घरच्यांना एवढं एक वाक्य पाठ करून द्या. त्यात खोटं काहीच नाही, आणि लेकरू शब्दाला पुल्लिंगही नाही, स्त्रीलिंगही नाही.

पीएमपीच्या बसमध्ये डावीकडचे बाक महिलांसाठी राखीव असतात आणि त्यावरून गर्दीत कुरबूर होते. सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर बस टाळा. बसायचंच तर आईच्या शेजारी बसा.

सहावी पायरी: काय बघायचं, केव्हा

फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता, डेक्कन, कोरेगाव पार्क इथे विद्यार्थ्यांची वर्दळ असते, नाना तऱ्हेचे कपडे दिसतात, कुणी फार लक्ष देत नाही. आगाखान पॅलेस शांत आहे, आवार मोठं आहे, आई-अण्णांना तिथे कस्तुरबांची समाधी बघायची असतेच. शनिवारवाडा शनिवार-रविवारच्या दुपारी नको. मधल्या वारी सकाळी उघडल्या उघडल्या जा. सारसबागेबाहेरच्या चौपाटीवर रात्री टोळकी असतात, भेळ संध्याकाळी लवकर उरकून घ्या. गणपतीच्या विसर्जनाच्या गर्दीत पहिल्याच सहलीला उतरू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. त्या गर्दीत घरचे सुटतात आणि हात कुणाचा ते कळत नाही.

देवळांत रांगा वेगळ्या असल्या तर कुठे उभं राहायचं ते आदल्या रात्री ठरवा. दगडूशेठ गणपतीचं दर्शन रस्त्यावरूनही होतं. घरचे रांगेत असताना मी बाहेरूनच हात जोडले आणि चपला सांभाळल्या, तेही वाईट नव्हतं. पुढच्या खेपेला आईनेच हाताला धरून रांगेत घेतलं.

तुळशीबागेत जरूर जा. कपड्यांच्या मोठ्या दुकानात ट्रायल रूमवरून ‘इकडे नाही, तिकडे’ होतं, तुळशीबागेत मांडलेल्या मालाला हात लावायचा आणि भाव करायचा. एका बांगडीवाल्या मावशींपुढे माझा हात आपसूक पुढे गेला. त्यांनी बोटं जुळवून, अंगठा आत दाबून मूठ चाचपली, मान हलवली आणि म्हटलं, ‘दोन-आठ नाही जायची, दोन-दहा घे.’ मग साबणाचं पाणी लावून हिरव्या काचेच्या सहा बांगड्या चढवल्या, एकही फुटली नाही. मागे गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नसावं. आत्या शेजारी उभी राहून हे सगळं बघत होती.

त्याच आत्याने आदल्या दिवशी विचारलं होतं, ‘हे सोंग किती दिवस?’ तिला मी बालगंधर्व रंगमंदिरात नेलं. तिथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. त्यांच्या साड्या आणि दागिने बघून घराघरातल्या बायका तसं नटायच्या, हे आत्याच्या आईनेच तिला सांगितलेलं. नाटकातली भूमिका आणि रोजचं जगणं यात फरक आहे, आणि तो मी तिच्यापासून लपवला नाही. तरी बोलायला सुरुवात झाली. वडीलधाऱ्यांशी बोलताना परदेशातली उदाहरणं कामाला येत नाहीत. ढोलपथकात फेटा बांधून ढोल वाजवणाऱ्या मुलींचे फोटो आपण कौतुकाने काढतो, भिकबाळी घातलेल्या पुरुषाला रुबाबदार म्हणतो, मग नथ घातलेल्या मुलावरच का थांबतो, असं विचारा.

सातवी पायरी: स्वच्छतागृह

याबद्दल कुणी बोलत नाही आणि सगळ्यांत जास्त त्रास इथेच होतो. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात, कुठल्या दारातून आत जायचं हा प्रश्नच नको म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायलं नाही. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, रात्री लघवीला जळजळ, दुसरा दिवस दवाखान्यात. आईला कारण सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला सांगायचं ना, मी दाराशी उभी राहिले असते.’

तेव्हा पाणी प्या. आणि जागा आधी हेरून ठेवा. मेट्रो स्थानकांत स्वच्छतागृहं आहेत. मॉल आणि बऱ्याच मोठ्या इमारतींत दिव्यांगांसाठी स्वतंत्र खोली असते, तिला स्त्री-पुरुष अशी पाटी नसते. कुणी गरजू थांबलेलं नाही ना ते बघून ती वापरा आणि लगेच मोकळी करा. छोट्या उपाहारगृहांत बहुतेक एकच सामायिक संडास असतो, म्हणून जेवायची जागा निवडताना मी आधी तेच बघणार, मेनू नंतर. पेट्रोल पंपावरही सोय असते. दोनच दारं असतील तर सोबत कुणाला तरी न्या, बोलत बोलत आत जा, बोलत बाहेर या. वहिनी माझी पिशवी धरून दाराशी उभी राहते. कुणी आत आरडाओरडा केलाच तर वाद न घालता बाहेर या, तिथे जिंकण्यासारखं काही नसतं.

आठवी पायरी: सिंहगड

गड सगळ्यांत सोपा निघाला. शहरापासून साधारण तीस किलोमीटर, वरपर्यंत गाडी जाते, पायथ्यापर्यंत पीएमपीची बसही आहे. मधल्या वारी सकाळी सातला निघा. वर वारा इतका असतो की सगळ्यांचेच केस आणि ओढण्या उडत असतात, कोण कसं दिसतंय याकडे बघायला कुणाला सवड नसते. पिठलं-भाकरीवाल्या मावश्या ‘या, बसा’ म्हणून चटई अंथरतात आणि ‘किती भाकऱ्या?’ एवढंच विचारतात. मडक्यातलं दही घ्या. फोटो इथेच काढून घ्या.

कुणी त्रास दिलाच तर

नुसतं बघणं, कुजबुज, हसणं: चालत राहा. चालत्या माणसाकडे फार वेळ बघता येत नाही. कुणी मोबाइल रोखला तर पाठ करा, घरचं माणूस मध्ये उभं करा, आणि ‘दादा, फोटो पुसून टाका’ असं एकदाच, स्पष्ट म्हणा. मोबाइल हिसकावू नका. पाठलाग झाला, हात लागला, तर जवळच्या दुकानात शिरा आणि ११२ ला फोन करा.

कायदा आपल्या बाजूला आहे, हे घरच्यांनाही सांगून ठेवा, त्यांना धीर येतो. राज्यघटनेच्या कलम १५ प्रमाणे लिंगाच्या कारणावरून दुकान, हॉटेल, करमणुकीची जागा कुणाला बंद करता येत नाही. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींचे हक्क मान्य केले. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याने त्यांच्याशी सार्वजनिक सेवांत आणि मुक्कामाच्या जागी भेदभाव करायला मनाई केली. आणि हे शहर आपल्याला अगदीच नवखं नाही: इथे समलिंगी, तृतीयपंथी अशा सगळ्यांची पहिली प्राइड (अभिमान) पदयात्रा डिसेंबर २०११ मध्ये निघाली, आणि शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं. अण्णांना यातलं शेवटचं सगळ्यांत पटलं, कारण त्यात पगार होता.

रात्री खोलीवर आल्यावर मन फारच खाली गेलं तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा क्रमांक आहे. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि दुसऱ्या दिवशी नुसतं झोपून राहावंसं वाटलं तर राहा. घरचे आगाखान पॅलेस तुमच्याशिवायही बघून येतील, येताना बाकरवडी आणतील.

परतीच्या दिवशी

फोटोंचं तेवढं बघा. घरच्या ग्रुपवर कोणते टाकायचे आणि कोणते फक्त आपल्यातच ठेवायचे, हे गाडीत बसण्याआधी बसून ठरवा. गावाकडे ग्रुपमध्ये कोण कोण आहे, कुणाच्या मुलाचं लग्न ठरतंय, कोण दुसऱ्यांना पाठवेल, याचा विचार तुम्हीच करायचा, दुसऱ्या कुणाला ते सुचणार नाही. आमच्याकडे वहिनी मोबाइल माझ्या हातात देते, मी निवडून दिलेले फोटो ती टाकते. या वर्षी गडावरचे सगळे टाका म्हटलं, बांगड्या दिसतात तेही. आत्याला मात्र आधी दोनदा सांगून ठेवावं लागतं. ती अजून गाडी सुटायच्या आत सगळीकडे पाठवून मोकळी होते.